एदोचें दुखणें आणि कुट्टूच्या शेवया

जपानची आजची राजधानी तोकियो पूर्वीं एदो या नांवानें ओळखली जाई. अठराव्या शतकांत या शहरीं एक विलक्षण दुखणें बोकाळलें. पाय बधिर होत, सुजत, आणि अखेर हृदय बंद पडे. आपल्या गांवीं परततांच रोगी बरा होई. म्हणून लोक त्यास ‘एदोचें दुखणें’ म्हणूं लागले. तो बेरीबेरीचा रोग होता. शुभ्र सडीक तांदूळ ही शहराची प्रतिष्ठा; परंतु कोंड्याबरोबर त्यांतील ब-१ जीवनसत्त्वही निघून जाई.

त्याच शहरांत रस्तोरस्तीं ‘सोबा’ नांवाच्या शेवया स्वस्तांत मिळत. त्या कुट्टूच्या पिठाच्या असत. कुट्टू हें तृणधान्य नव्हे. आंबट चुक्याच्या कुळांतील एका रोपाचें तें बीं. उत्तर भारतांत तें उपवासास चालतें. त्यांत प्रथिनें उत्तम, आणि ब-१ जीवनसत्त्व पांढऱ्या तांदुळाहून कितीतरी अधिक. शेवया उकडलेलें पाणीही लोक पीत. त्यामुळें पाण्यांत उतरलेलें सत्त्व वायां जात नसे.

ही संगति उलगडण्यास मात्र फार काळ लागला. १८८४ सालीं नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनीं आहार बदलून खलाशांस या रोगापासून वांचविलें. १९१० सालीं सुझुकी उमेतारो यांनीं कोंड्यांतून तें द्रव्य वेगळें काढलें. एदोच्या श्रीमंतास मानाच्या भातांत जें मिळालें नाहीं, तें रस्त्यावर शेवया खाणाऱ्या मजुरास नकळत मिळत आलें होतें.