उचगाव मतदारसंघ शोधताना

साल 1957. बेळगावातल्या एका मतदान केंद्रात तुम्ही पडद्यामागे उभे आहात. हातातल्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नाहीत, शिक्काही मारायचा नाही. समोर पेट्यांची रांग आहे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर पडायचं.

काही महिन्यांपूर्वीपर्यंत तुम्ही मुंबई राज्यात होतात. 1 नोव्हेंबर 1956 पासून म्हैसूर राज्यात आहात. राज्य कोणतं हवं, हे तुम्हाला कोणी विचारलं नाही. त्याच वर्षीच्या 17 जानेवारीला पोलिसांच्या गोळीबारात बेळगावात मारुती बेन्नाळकर गेले आणि निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या, तेही याच प्रश्नावर. न विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज पहिल्यांदा तुमच्या हातात कागद आला आहे, म्हणून तो पेटीत टाकताना हात थरथरतो. बेळगाव शहरातून महाराष्ट्र एकीकरण समितीचे बा. रं. सुंठणकर निवडून येतात. 1962 मध्ये म्हैसूर विधानसभेत समितीचे सहा आमदार बसतात.

त्याच 1957 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी नावाच्या गावी जाऊन या. गावाची हद्द कालपर्यंत चौकोनी होती. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तिला अठ्ठावीस बाजूंचा आकार दिला. नव्या रेषेवरून चालत गेलात तर ती कुठे का वळते ते लगेच कळतं: कृष्णवर्णीयांची घरं आली की रेषा आत वळते. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे गावाबाहेर पडले. त्यांची घरं जागच्या जागी होती, गावाच्या निवडणुकीतलं मत तेवढं गेलं. चार्ल्स गोमिलियन नावाचे प्राध्यापक न्यायालयात गेले आणि 1960 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वंशावरून मत हिरावण्यासाठी ओढलेली हद्द घटनेत बसत नाही. 1965 मध्ये मताधिकाराचा कायदा आला. 1975 मध्ये त्यात भाषिक अल्पसंख्याकांनाही संरक्षण मिळालं आणि ठरावीक भागांत त्यांच्या भाषेत मतपत्रिका देणं बंधनकारक झालं.

आता आपल्याकडचा कायदा उघडा. घटनेचं कलम 325 सांगतं की केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही मतदारयादीतून वगळता येणार नाही. या यादीत भाषा नाही. मग लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 पोटकलम 3 वाचा. धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्टाचार. इथे मात्र भाषा आहे. संरक्षण देताना जी गाळली ती मनाई करताना आठवली, हे सीमाभागातल्या माणसाला टोचतं आणि टोचायलाच हवं.

न्यायालयाने एक दिलासा दिलेला आहे. 1964 मध्ये जगदेव सिंग सिद्धांती यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. हिंदीच्या रक्षणाचा प्रश्न प्रचारात मांडला म्हणून त्यांच्यावर ठपका आला होता. न्यायालय म्हणालं, आपली भाषा जतन करण्याचा हक्क घटनेच्या कलम 29 ने दिला आहे आणि त्यासाठी राजकीय चळवळ करणं हा भ्रष्टाचार नव्हे. मराठीसाठी सभेत उभं राहून बोलणारा सीमाभागातला प्रत्येक उमेदवार या निकालाच्या आधारावर उभा आहे.

1967 मध्ये तुम्ही निपाणीत आहात. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला आहे. निपाणी महाराष्ट्राला, बेळगाव शहर म्हैसूरकडेच. महाराष्ट्राने तो नाकारला, अंमल कधी झालाच नाही. आयोगाने महाराष्ट्राला दिलेली निपाणी आजही कर्नाटक विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ आहे.

मग या 1996 मध्ये. लोकसभेची निवडणूक, बेळगाव मतदारसंघ. बूथवर ओळखीचा आवाज येतो, ‘‘नाव सापडलं काय वो?’’ यादीतलं तुमचं नाव सापडतं, बोटाला शाई लागते. मतपत्रिकेवर मात्र उमेदवाराचं नाव सहज सापडत नाही, कारण उमेदवार 456 आहेत. बहुतेक समितीच्या हाकेवरून उभे राहिलेले. हे लोक जिंकायला उभे नव्हते. चाळीस वर्षं निवेदनं दिली, सत्याग्रह केले, मोर्चे काढले; दिल्लीने पाहिलं नाही, तर आता मतपत्रिकेकडे तरी बघेल, एवढाच हिशेब. निवडणुकीच्या व्यवस्थेला तिच्याच नियमांत राहून अडवण्याचा हा मार्ग होता, आणि सीमालढ्यातल्या सगळ्या कृतींमध्ये मला तो सर्वांत बुद्धिमान वाटतो. एकाही माणसाला खरचटलं नाही.

दिल्लीने पाहिलं. त्याच निवडणुकीत तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा लोकसभेला 480 आणि तामिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला हजारावर उमेदवार होते. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत 500 रुपयांवरून 10,000 झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. गर्दी थांबली. गर्दी का झाली होती, त्याला कोणी हात लावला नाही.

आता सर्वांत जास्त वेळ थांबायचं ते 2008 मध्ये. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने मतदारसंघ नव्याने आखले आहेत आणि नव्या नकाशावर निवडणूक होणारं पहिलं राज्य कर्नाटक आहे. तुम्ही यादीत उचगाव शोधता. नाही. बागेवाडीही नाही. उचगाव म्हणजे बेळगाव तालुक्यातल्या मराठी खेड्यांचा हक्काचा मतदारसंघ. त्याच्या जागी बेळगाव ग्रामीण आहे, शहराचे उत्तर आणि दक्षिण झाले आहेत. मे महिन्यात निकाल लागतो, समितीचा एकही आमदार नाही.

सगळं खापर रेषेवर फोडणं मात्र खोटं ठरेल. 2013 मध्ये याच नकाशावर बेळगाव दक्षिण आणि खानापूर समितीने जिंकले. 2018 आणि 2023 मध्ये पुन्हा हाती काही आलं नाही, त्यात आपसातली फूट होती आणि राष्ट्रीय पक्षांकडे वळलेली मराठी मतंही होती. मराठी मतं फोडायलाच रेषा ओढली, असं कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. पण तो प्रश्न न्यायालयात नेण्याची वाटच बंद होती, हे विसरू नका. घटनेचं कलम 329 परिसीमनाच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देऊ देत नाही. आयोगाचा आदेश हाही कायदाच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये मेघराज कोठारी खटल्यात ठरवलं. टस्कीगीच्या प्राध्यापकाला जे दार सापडलं ते उचगावच्या शेतकऱ्याला नव्हतं. जुलै 2024 मध्ये गुजरातच्या बारडोली मतदारसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते किंचित उघडलं: आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय तपासू शकतं.

2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा वेगळा आहे, तो राज्याच्या सीमेचा आहे. तो निकाली निघेपर्यंत सीमाभागातला माणूस मतदार म्हणून जगतोच, आणि त्याच्या मताचं वजन मतदारसंघाच्या रेषेवर ठरतं. जागांची विभागणी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली गेली. पुढच्या परिसीमनाची वेळ आता जवळ येत आहे.

2002 च्या परिसीमन कायद्याचं कलम 9 सांगतं की मतदारसंघ शक्यतो आटोपशीर असावा आणि आखताना भूरचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. भाषा तिथेही नाही. नव्या कायद्यात ती घाला, एवढी मागणी महाराष्ट्राच्या 48 खासदारांनी लोकसभेत करावी. तिचा फायदा अक्कलकोट आणि जतच्या कन्नड भाषकांनाही व्हावा, तरच ती न्यायाची मागणी ठरेल.

आणि सीमाभागातल्या वाचकांनो, आयोगाचा कच्चा मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी मुदत असते, जाहीर सुनावणी होते. मसुदा आल्या दिवशी आपलं गाव कुठे टाकलंय ते बघा. नुसतं ‘आम्ही मराठी’ म्हणून अर्ज करू नका. रस्ता कुठून जातो, बाजार कुठे भरतो, कचेरी किती लांब आहे, आधीचा मतदारसंघ कोणता होता, हे कायद्याच्या भाषेत मांडा आणि मग मराठीचं म्हणणं जोडा. हरकत लेखी द्या, मुदतीत द्या आणि पोच घ्या.