एका बटणामागचे गणित

१९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल यांनी मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर करड्या छटांची चित्रे दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन यांच्या साथीने तो वाढला आणि १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने तो ‘फोटोशॉप’ नावाने बाजारात आणला.

त्यात ‘प्लग-इन’ची सोय होती. मिक्सरची मोटर एकच, भांडी निरनिराळी, तसेच हे. मूळ प्रोग्रॅम चित्रातील बिंदूंचे आकडे प्लग-इनला देतो, प्लग-इन हिशेब करून नवे आकडे परत करतो. त्यामुळे मूळ प्रोग्रॅमला हात न लावता कोणालाही नवी क्रिया जोडता येऊ लागली.

कडा ठळक करण्याची क्रिया पाहा. एका बिंदूची तेजस्विता १२०, शेजाऱ्यांची सरासरी १००. फरक २०, त्याचा निम्मा मिळवला की १३०. हाच हिशेब लाखो बिंदूंवर होतो, आपण मात्र एकच बटण दाबतो.

सोय झाली, पण हिशेब दृष्टिआड गेला. आम्हा संशोधकांच्या दृष्टीने चित्र हा पुरावा असतो. वाढवलेला फरक मूळच्या पेशीत होता की बटणाने आणला? म्हणूनच ‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’ने २००२ पासून स्वीकृत लेखांतील चित्रे तपासायला सुरुवात केली. वेन रॅसबँड यांनी १९९७ साली तयार केलेला ‘इमेजजे’ही प्लग-इनवरच चालतो, पण त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो.

वर्गात चौकटीच्या कागदावर नऊ आकडे मांडून हा हिशेब विद्यार्थ्यांकडून एकदा हाताने करवून घ्यावा. बटण त्यानंतर.