यंत्रमानवाचे पारखी : एक प्रस्तावना

यंत्रमानवाची कंबर किती बारीक असावी यावर मोठी माणसं रात्र रात्र भांडतात, हे ऐकून ज्यांना हसू येतं त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे. ज्यांना हसू येत नाही ते बहुधा त्या भांडणात आधीपासूनच असतील. त्यांनी ही पानं उलटून पुढे गेलं तरी चालेल. मधली वजनाची आकडेमोड मात्र जरूर तपासावी.

विषय दिसतो तेवढा पोरकट नाही. १९५६ मध्ये मित्सुतेरू योकोयामा यांच्या 'तेत्सुजिन २८'पासून जपानी चित्रकथांत महाकाय यंत्रमानवांचं घराणं सुरू झालं. त्यांचा लोखंडी राक्षस दुरून, हातातल्या पेटीने चालायचा. १९७२ मध्ये गो नागाई यांनी 'माझिंगर झेड'मध्ये पोराला थेट यंत्राच्या डोक्यात नेऊन बसवलं. १९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांच्या 'मोबाइल सूट गंडम'ने यंत्रमानवाचं देवपण काढून घेतलं आणि त्याला लष्करी सामान केलं. तो कारखान्यात बनतो, बिघडतो, त्याची दुरुस्ती रखडते. पुढच्याच वर्षी बांदाई कंपनीने त्याचं प्लास्टिकचं जोडायचं मॉडेल ३०० येनला बाजारात आणलं. तेव्हापासून पडद्यावरचं यंत्र, टेबलावरचं मॉडेल आणि कथेचा पुढचा भाग या तीन गोष्टी एकमेकींत अशा अडकल्या की एकीबद्दल बोलताना दुसरी आपोआप येते. या तिन्हींबद्दल चाहते जे बोलतात, त्याचा अभ्यास म्हणजे हे क्षेत्र.

चाहत्यांकडे विद्यापीठांचं लक्ष जाऊन बराच काळ झाला. हेन्री जेनकिन्स यांचं 'टेक्स्च्युअल पोचर्स' १९९२ चं. जपानी चित्रकथा-चित्रमालिकांना वाहिलेलं 'मेकाडेमिया' हे नियतकालिक २००६ पासून निघतं आहे. या लेखनातून पुष्कळ शिकायला मिळतं. पण चाहता काय पाहतो आणि काय लिहितो, यावर या लेखनाचा भर अधिक. माझं म्हणणं असं, की यंत्रमानवाच्या बाबतीत चाहत्याचं मत डोळ्यांइतकंच बोटांतून येतं, आणि म्हणून ते नुसत्या आवडीनिवडीच्या खात्यात टाकता येत नाही.

कसं ते पाहा. मॉडेलच्या डब्यात सुटे भाग रनर नावाच्या चौकटींना चिकटलेले असतात. निप्परने भाग सोडवताना दोनदा कापायचं: आधी जरा लांबून, मग लगत. घाई केली की प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो आणि गडद निळ्या छातीवर तो काही केल्या लपत नाही. उरलेला उंचवटा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ८०० ने घासायचा. गोंद लागत नाही, भाग खटकन एकमेकांत बसतात. मग गुडघा दुमडून पाहायचा. इथे खरा प्रकार कळतो. चित्रकाराने कागदावर ऐटीत काढलेला गुडघा एका सांध्यावर वाकूच शकत नाही. मांडी नडगीवर अडते. साच्याच्या अभियंत्याने मध्ये गुपचूप दुसरा सांधा घालून चित्रकाराची अब्रू राखलेली असते. हे ज्याने स्वतःच्या हाताने जोडलं आहे तो 'पाय चुकलाय' म्हणतो तेव्हा त्याच्यापाशी पुरावा असतो.

एकाच यंत्राच्या किती परी होतात हेही पाहण्यासारखं आहे. मूळ गंडम, कथेत १८ मीटर उंच, बांदाईच्या 'मास्टर ग्रेड' मॉडेलमालेच्या १/१०० मापात १८ सेंटिमीटरचा होतो. या मालेतलं त्याचं पहिलं मॉडेल १९९५ चं. २००८ चं २.० हे रूप मूळ मालिकेतल्या साध्या, गोलसर अंगाकडे परतलं. २०१३ चं ३.० टोकियोच्या ओदायबात २००९ मध्ये उभारलेल्या पूर्णाकृती पुतळ्याच्या वळणावर गेलं: अंगभर रेषा, पत्र्याचे तुकडे, रंगांच्या हलक्या-गडद छटा. आता यातला खरा कोणता? पेण-हमरापूरच्या कारखान्यात गणपती ठरवायला गेलेल्या घरात जे चालतं तेच इथे चालतं. मूर्ती दरवर्षीचीच हवी असते. सोंडेचं वळण, पोटाची गोलाई, डोळ्यांची आखणी नेमकी कशी होती, यावर मात्र आजोबांचं आणि नातवाचं पटत नाही. माझं मत विचाराल तर २.० च्या बाजूने. ३.० ला पुतळा जवळून पाहिल्याचा भास हवा आहे आणि १८ सेंटिमीटरच्या अंगाला तो पेलत नाही.

आता वजनाकडे. कोणतीही आकृती दहापट उंच केली की तिचं वजन हजारपट होतं, तळपायाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. म्हणजे जमिनीवरचा दाब दहापट. जे. बी. एस. हाल्डेन यांनी 'ऑन बीइंग द राइट साइज' या १९२६ च्या निबंधात हेच राक्षसांच्या हाडांबद्दल सांगितलं होतं. गंडम हा १.८ मीटरच्या माणसाच्या बरोबर दहापट. माणूस ८० किलोचा धरला तर त्याच घडणीचा १८ मीटरचा माणूस ८० टनांचा भरेल. कथेतल्या गंडमचं शस्त्रांसकट वजन ६० टन दिलेलं आहे, म्हणजे हा लोखंडी वीर हाडामांसापेक्षा हलका! २०१३ च्या 'पॅसिफिक रिम'मधला जिप्सी डेंजर ७९ मीटर उंच आणि १,९८० टन वजनाचा. तोच हिशोब लावला तर ७९ मीटरच्या माणसाचं वजन पावणेसात हजार टनांच्या घरात जातं. जिप्सी डेंजर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकासुद्धा भरत नाही. समुद्रात पाय रोवून लढण्याऐवजी तो बुचासारखा तरंगायला हवा. योकोहामाला २०२० च्या डिसेंबरपासून २०२४ च्या मार्चपर्यंत १८ मीटरचा, सुमारे २५ टनांचा हलता गंडम लोकांना पाहायला मिळत होता. तो पाऊल उचलायचा खरा, पण त्याचा भार मागच्या सांगाड्याने कमरेपाशी तोललेला असे.

असा हिशोब मांडणारा चाहता रसभंग करतो, असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. याच हिशोबामुळे तो 'पॅसिफिक रिम' आणि २०१८ चा त्याचा पुढचा भाग यांतला फरक नेमका सांगू शकतो. पहिल्या चित्रपटात गिलेर्मो देल तोरो यांनी यंत्रांना सावकाश हलवलं; हात उगारला की तो पोचायला वेळ लागतो, खांद्यावरून पाणी ओघळत राहतं, रात्र आणि पाऊस असल्याने आकार अर्धाच दिसतो. आकडे खोटे असूनही वजन खरं वाटतं. दुसऱ्या भागात लख्ख उन्हात तीच जातकुळी पैलवानासारखी उड्या मारते. कथा बरी की वाईट हा मुद्दा नंतरचा. चाहत्यांच्या नाराजीतला मोठा भाग हा उन्हाचा आणि वेगाचा होता.

हे सगळं उरण तालुक्यातल्या चिरनेरसारख्या गावात बसून कशाला, असं कोणी विचारेल. इथून न्हावा-शेवा बंदर लांब नाही. १९८९ साली ते सुरू झालं आणि उरण तालुक्याच्या क्षितिजावर क्रेन आल्या. 'स्टार वॉर्स'मधली चार पायांची चालती यंत्रं कॅलिफोर्नियाच्या ओकलंड बंदरातल्या क्रेन पाहून सुचली, अशी एक दंतकथा आहे. खुद्द जॉर्ज लुकास यांनी ती फेटाळली आहे. पण दंतकथा का टिकली ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. क्रेन ऑपरेटरची काचेची केबिन उंचावर ट्रॉलीबरोबर पुढेमागे सरकते आणि त्याची नजर सतत स्वतःच्या पायांखाली, कंटेनरवर असते. यंत्र चालवणारा माणूस कुठे बसतो, हा या अभ्यासातला मध्यवर्ती प्रश्न आहे. माझिंगरमध्ये तो डोक्यात बसतो आणि यंत्राचा मेंदू होतो. गंडममध्ये तो पोटात बसतो, चिलखताआड, म्हणजे सैनिक होतो. जागा बदलली की कथेचं राजकारणही बदलतं.

आपल्याकडे या घराण्याची ओळख ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने करून दिली. योकोयामांच्याच चित्रकथेवरून १९६७ मध्ये केलेली २६ भागांची मालिका इथे 'जायंट रोबोट' म्हणून लागायची. इजिप्तच्या स्फिंक्ससारखं शिरस्त्राण, बोटांतून सुटणारी क्षेपणास्त्रं आणि मनगटी घड्याळात बोलून त्याला हुकूम सोडणारा पोरगा. शेवटच्या भागात तो हुकूम झुगारून शत्रूला उचलतो आणि अवकाशात स्वतःचा अंत करून घेतो. त्या पिढीच्या मनात यंत्रमानवाची पहिली कसोटी तिथेच तयार झाली: ऐकतो किती यापेक्षा, कधी ऐकत नाही.

पुढच्या भागांबद्दल चाहते इतके का चिडतात, हे गंडमच्या इतिहासातच दिसतं. मूळ मालिका पडली होती. ५२ भागांची योजना ४३ भागांवर गुंडाळावी लागली. पुनःप्रक्षेपणांनी आणि मॉडेलांनी तिला जीव दिला, आणि २२ फेब्रुवारी १९८१ ला टोकियोच्या शिंजुकु स्थानकाबाहेर हजारो चाहते जमले, तेव्हा नव्या युगाचा जाहीरनामाच वाचला गेला. ज्या कथेला प्रेक्षकांनी मरणाच्या दारातून परत आणलं तिच्यावर ते हक्क सांगणारच. १९८५ मध्ये 'झेटा गंडम' आली. तिच्यात यंत्रं विमानासारखी रूप पालटू लागली, कारण तोवर दुकानात रूप पालटणारी खेळणी चालू लागली होती. तरी ती मालिका टिकली, कारण जुन्या माणसांना तिने जुनं ठेवलं नाही. आधीच्या लढाईचा नायक इथे नजरकैदेत सापडतो, त्याचा वैरी नाव बदलून दुसऱ्या गोटात उभा असतो.

'ट्रान्सफॉर्मर्स'मध्ये उलटा प्रवास घडला. २००७ च्या चित्रपटाने ऑप्टिमस प्राइमच्या चपट्या नाकाच्या ट्रकचा लांब नाकाचा ट्रक केला, त्यावर ज्वाळा रंगवल्या; बंबलबीची फोक्सवॅगन बीटल जाऊन कॅमॅरो आली. चेहरे हजारो पात्यांचे झाले, इतके की मारामारीत कोणाचा हात कोणाचा ते कळेना. चाहते अकरा वर्षं कुरकुरत राहिले आणि २०१८ च्या 'बंबलबी'त बीटल परत आली, जुने ठोकळेबाज, ओळखू येणारे चेहरेही परत आले. रजनीकांतच्या २०१० च्या 'एंथिरन'मध्ये, म्हणजे हिंदी 'रोबोट'मध्ये, शेकडो चिट्टी यंत्रमानव एकमेकांना जुळून चेंडू, साप, राक्षस होतात; ती गंमत एका माणसाएवढ्या यंत्रातून उगवली होती. २०१८ च्या '२.०'मध्ये मोबाइलचा महाकाय पक्षी पहिल्यापासूनच महाकाय, आणि म्हणून छोटा.

मराठी विज्ञानकथेत मात्र हे भांडण जवळपास नाहीच. कारण सोपं आहे. आपली विज्ञानकथा स्पर्धांतून आणि दिवाळी अंकांतून वाढली, म्हणजे सुटी कथा म्हणून वाढली. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, परीक्षकांनी नावाकडे पाहू नये म्हणून. चाहत्याच्या निकोप मताचा याहून चांगला पाया नाही. पण सुट्या कथेला पुढचा भाग नसतो आणि यंत्राला पुन्हा पुन्हा दिसणारं अंग नसतं. त्यांच्याच 'वामन परत न आला'मधल्या यंत्रमानवाची महत्त्वाकांक्षा वाचकाच्या लक्षात राहते; त्याचा खांदा, पंजा, गुडघा यावर दोन वाचकांचं भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही. आपले यंत्रमानव विचार करतात, उभे कसे राहतात ते आपण विचारलेलं नाही. या क्षेत्रात येणाऱ्या मराठी अभ्यासकाला इथे मोकळं रान आहे.

एक प्रश्न चिरनेरच्या वाचकाला वेगळा टोचेल. गंडममध्ये पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध उठलेली अवकाशातली वसाहत, झिऑन, शत्रूपक्षात आहे. तिची स्वातंत्र्याची मागणी रास्त, तिचे राज्यकर्ते हुकूमशहा, तिने केलेला संहार भयानक. चाहते १९७९ पासून यावर वाद घालत आहेत आणि त्यातले बरेच जण झिऑनची यंत्रं अधिक देखणी म्हणून तिच्या बाजूला सरकतात. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, ते ज्यांच्या गावच्या इतिहासात आहे त्यांना बंडखोराची बाजू त्याच्या गणवेशाच्या शिवणीवरून ठरवणं जड जाईल. रूपाचं आकर्षण न्यायबुद्धीला कुठवर ओढून नेतं, याचा इतका उघडा नमुना दुसऱ्या कुठल्या कलाप्रकारात मला तरी दिसलेला नाही.

चाहत्यांच्या मतात खोटही पुष्कळ. आपण दहा वर्षांचे असताना जे पाहिलं तेच अस्सल, ही सगळ्यांत मोठी. महाग मॉडेल असणाऱ्याचं मत जड, ही दुसरी; आणि भारतात ती जास्त बोचते. सीमाशुल्काच्या कोष्टकात खेळणी आणि छंदाच्या प्रतिकृती एकाच ९५०३ क्रमांकाखाली येतात. त्यावरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्रही सक्तीचं झालं. देशी खेळणी उद्योगाला त्याचा आधार मिळाला असेल, पण न्हावा-शेवाच्या शेजारी राहून डबा मात्र महागच.

तरी नवख्याने एक तरी डबा मिळवावा, चार जणांत मिळून घेतला तरी हरकत नाही. 'हाय ग्रेड'चं १/१४४ मापाचं, साडेबारा सेंटिमीटरचं मॉडेल सुरुवातीला पुरे. ते आधी जोडावं आणि मालिका नंतर पाहावी. आधी मालिका पाहिलेला माणूस मॉडेलमध्ये तिच्या खुणा शोधत बसतो. आधी मॉडेल जोडलेल्याला मालिकेच्या पहिल्याच भागात, यंत्र उठून उभं राहताना, त्याचा गुडघा खरंच कुठून वाकतो हे पाहायचं सुचतं.