मांगेला समाजाची फिर्याद

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला कुंभवली, कोलवडे, पाम, टेंभी, सालवड ही गावं. त्यांच्यापलीकडे नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे हा किनारा. एकेकाळी आतल्या गावांत भात पिकत होता आणि किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. मधल्या खाड्यांनी दोघांनाही पोसलं. होडी नसलेल्या घरातली बाईसुद्धा ओहोटीला खाडीत उतरून निवट्या, खेकडे, कालवं आणायची आणि त्यावर दिवस निघायचा.

१९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. पाठोपाठ सत्तरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत इथे आली. रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले आणि हजारोंना रोजगार मिळाला. कायदेही त्याच काळातले आहेत. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालचं, जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४चा, हवेचा १९८१चा. कायदे होते, तरी नाल्यांचं पाणी रंग बदलत राहिलं.

कागदावरची व्यवस्था सरळ होती. कारखान्यानं आपलं सांडपाणी आधी स्वतः शुद्ध करायचं, मग ते सामूहिक प्रक्रिया केंद्रात जायचं आणि तिथून नळानं नवापूरच्या समुद्रात. पण केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती आणि येणारं पाणी त्याहून जास्त. न मावलेलं पाणी नाल्यांतून खाडीत उतरायचं. खाडीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होतं, त्यामुळे घाण एका दमात समुद्रात निघून जात नाही. गाळात राहणारे जीव आधी गेले. त्यांच्यावर जगणारी घरं त्यानंतर अडचणीत आली. विहिरी बिघडल्याच्या आणि रात्री येणाऱ्या उग्र दर्पाच्या तक्रारी वसाहतीला खेटून असलेल्या गावांतूनही होत राहिल्या.

ही तक्रार न्यायाधिकरणात नेली ती मच्छीमारांनीच.

अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही किनाऱ्यावरच्या मासेमार समाजाची संघटना. तिनं २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे अर्ज केला. खाडीत मासा उरला नाही हे कोळणीला जाळं ओढताच कळतं. न्यायाधिकरणाला मात्र नमुने आणि आकडे लागतात. ते गोळा करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली गेली. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक माप, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवी. ही मर्यादा पाळली जात नव्हती.

दरम्यान केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची हवा, पाणी आणि जमीन मिळून क्रमवारी लावली. तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलेला पट्टा तो हाच. गावकरी वर्षानुवर्षं सांगत होते ते आता सरकारी आकड्यात आलं.

२०२० साली समितीनं शंभराहून अधिक उद्योगांकडून सुमारे १६० कोटी रुपये भरपाई घेण्याची शिफारस केली. जानेवारी २०२२मध्ये न्यायाधिकरणानं उद्योगांवर आणि प्रक्रिया केंद्रावर जबाबदारी निश्चित केली. उद्योगांनी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. ५० दशलक्ष लिटर क्षमतेच्या नव्या केंद्राची उभारणीही याच काळातली.

या लढ्यानं एक गोष्ट मिळवली. समाजाच्या रीतिरिवाजांसाठी एकत्र येणारी माणसं खाडीच्या वतीनं वादी म्हणून उभी राहू शकतात, हे कायद्याच्या नोंदीत गेलं. भरपाईच्या रकमेतून खाड्यांचा गाळ आणि गावांचं भूजल सुधारणं हे काम मात्र अजून करायचं आहे. कुंभवलीपासून मुरब्यापर्यंतच्या गावांचा त्यावर पहिला हक्क आहे.