वाड्यातला हौद

माझे बालपण सदाशिव पेठेतील एका वाड्यात गेले. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पुण्यात पाणी आणले. आमच्या हौदात तेच येई. आई सासूपुढे कधी बोलत नसे. हौदावर धुणे धुताना मात्र तिचे हसणे ऐकू येई. आश्विनात भोंडल्याचा फेरही तिथेच धरायचा.

घरोघर नळ आले नि हौद ओस पडला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासलाही फुटले. नळ कोरडे पडले. तेव्हा साऱ्या आळीने तेच पाणी भरले. पुढे वाडा पडला, हौद बुजला. भगिनींनो, पाणी आता घरात येते. मन मोकळे करायला मात्र आपले मंडळच हवे.