कल्कीचा घोडा आणि आमचे कान

आवाजाच्या बाबतीत आम्हां सारंगखेडेकरांना कोणी शिकवू नये. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरली की पाळणे, तमाशाचे तंबू, भोंगे आणि मुलुखभरातून आलेले घोडे सगळे एकदमच बोलू लागतात. त्यातून आपले हरवलेले पोर हाकेवरून ओळखायचे! तेव्हा या वयात मला 'हार्डकोअर पंक' आणि 'एक्स्ट्रीम मेटल' आवडते, हे ऐकून आमच्या कट्ट्यावर जी खळबळ उडाली ती उगाचच. भाच्याने मुंबईहून हे वेड पाठवले. कुणाचे भाचे पेढे पाठवतात, एवढाच फरक.

या घराण्याचा (हो, घराणेच म्हणतो) माझा लाडका फड म्हणजे 'नेपाम डेथ'. हा लंडनचा नव्हे, मेरिडन नावाच्या इंग्लंडातल्या खेड्यातला. १९८१ साली शाळकरी पोरांनी काढलेला. त्यांच्या 'स्कम' या १९८७ च्या तबकडीची गंमत अशी की पहिल्या बाजूला वाजवणारे निराळे आणि दुसऱ्या बाजूला निराळे. दोन्हीकडे टिकला तो एकटा ड्रमवाला. फड फुटणे म्हणजे काय, हे खान्देशी माणसाला समजावून सांगायला नको. त्यातले 'यू सफर' हे गाणे १.३१६ सेकंदांचे. गिनेस बुकात सर्वांत छोटे गाणे म्हणून नोंद आहे. आमच्याकडे नुसता तबला जुळवायला याच्या नऊशेपट वेळ लागतो! पण तेवढ्यात ही पोरे विचारतात काय, तर माणसाला दुःख का? गौतम बुद्धाने राजवाडा सोडला तो याच प्रश्नापायी.

अमेरिकेतली मंडळी जरा उद्योगी. वॉशिंग्टनच्या पोरांनी १९८० साली 'डिसकॉर्ड' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि पहिल्या तबकडीची पाकिटे घरी बसून, कापून, चिकटवून तयार केली. अगदी पापडाच्या घरगुती उद्योगासारखी. ज्या 'टीन आयडल्स'ची ती तबकडी, तो वाद्यवृंद तोवर मोडलाही होता. तरी पाकिटे चिकटवलीच. मला हे त्या संगीताहूनही आवडते.

मुंबईत १९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' सुरू झाले. उघड्या मैदानात पोरे घामाघूम होऊन मान हलवत. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, इस्पितळाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि रंगभवनाचा आवाज गेला. रोग्याला झोप हवी, कबूल. पण पोरांना दुसरी जागा कोणी दिली? याच नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद झाला, आणि पहाटेपर्यंत रंगणारा वग ऐन रंगात येताना आटोपता घ्यायची पाळी तमाशावर आली. गिटारवाला आणि ढोलकीवाला एकाच दाव्याला बांधले गेले, नि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

तरी पोरे वाजवत राहिली. 'स्क्राइब' या मुंबईच्या हार्डकोअर मंडळींनी २०१० साली तबकडी काढली 'मार्क ऑफ तेजा', आणि २०१४ साली 'हेल मोगॅम्बो'. हिंदी पिक्चरच्या खलनायकांची अशी पाद्यपूजा दुसऱ्या कोणी केलेली माझ्या ऐकिवात नाही. 'भयानक मौत' हे तर वाद्यवृंदाचे नाव आहे, बातमीचा मथळा नव्हे.

या सगळ्यांत 'डेमॉनिक रिझरेक्शन'ची २०१७ सालची 'दशावतार' मला जवळची. दहा गाणी, दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. नरसिंहाला हा घोगरा, खर्जातला आवाज शोभतो. खांब फोडून आलेला देव काय भीमपलास गाणार? शेवटचा कल्की मी शेजारच्या घोडे-व्यापारी आप्पांना मुद्दाम ऐकवला. ते डोळे मिटून शेवटपर्यंत बसले. मग म्हणाले,

"कशाबद्दल चाललंय हे?"

"कल्की अवतार, आप्पा. पांढऱ्या घोड्यावर बसून येणार."

"पांढरा? म्हणजे नुकरा." आप्पांनी डोळे उघडले. "एवढ्या गोंगाटात बुजत नाही, म्हणजे जनावर पक्कं शिकवलेलं आहे. किंमत काय सांगताहेत?"