शून्य क्रमांकाचं इंजिन

माझे मामू बोटीवर होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतल्या पुरुषांनी विलायती बोटींवर उमर घालवली, त्यांतलेच ते एक. पुढे इंग्लंडातच राहिले. मुलासाठी त्यांनी तिथं ट्राय-अँग कंपनीचं ‘जिंटी’ नावाचं छोटं काळं इंजिन घेतलं होतं. मामू गेले, इंजिन मामेभावाकडे राहिलं. गेल्या रमजानमध्ये त्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, “आपा, अब्बांचं इंजिन माझ्या नव्या रुळांवर चालत नाही. उभ्या उभ्या नुसतं गुणगुणतंय.”

मी भाषेची शिक्षिका. पण ‘का?’ हा प्रश्न डोक्यात शिरला की निघत नाही. शोधत गेले, तेव्हा कळलं की या गुणगुणण्यामागे एक इतिहास आहे.

जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत किल्लीवर चालणाऱ्या गाड्या आणि त्यांचे रूळ मांडले. नंतर वीज आली. मामूंच्या काळातल्या इंजिनांचा हिशेब सोपा होता. रुळांत १२ व्होल्टपर्यंत वीज सोडायची. वीज वाढवली की वेग वाढतो, धन-ऋण उलटवलं की इंजिन मागं येतं. अडचण एकच. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच पळणार. म्हणून शौकीन लोक रुळांचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळं बटण लावत.

१९८०च्या दशकात यावर डिजिटल उपाय निघाला. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांनी तयार केलेली पद्धत पायाला धरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ सालच्या संस्थेनं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांसाठी खुले नियम केले. त्यांना डीसीसी म्हणतात. यात रुळांत वीज सतत पूर्ण दाबाची असते, पण तिची दिशा क्षणोक्षणी उलटते. या उलटण्यातच एक आणि शून्य अशा अंकांत हुकूम लिहिलेला असतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाचा छोटा सर्किटचा तुकडा असतो. तो आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा ओळखतो.

जिंटीच्या पोटात डिकोडर नाही. तिच्या मोटरला वीज क्षणात पुढं ढकलते, क्षणात मागं. बेरीज शून्य. म्हणून ती जागची हलत नाही, थरथरत गुणगुणते, आणि तापते.

नियम करणाऱ्यांना जुन्या इंजिनांचा विसर पडला नव्हता. ‘एक’ या अंकाची प्रत्येक अर्धी बाजू ५८ मायक्रोसेकंदांची ठरली; ‘शून्या’ची मात्र १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, आणि ती कितीतरी पट लांबवायची मुभा ठेवली. शून्याची एकच बाजू लांबवली की वीज एका दिशेला थोडी जास्त वाहते. डिकोडर हुकूम नीट वाचतो, आणि जुनं इंजिनही चालू लागतं. कंट्रोलरवर अशा इंजिनाला शून्य क्रमांक देतात.

वाचून मला फार बरं वाटलं. नव्या कायद्यात जुन्यांसाठी जागा! पण पुढं वाचलं. रुळावर अशी दोन-तीन जुनी इंजिनं असतील तर ती सगळी एकदमच चालतात, कारण शून्य हे कुणा एकाचं नाव नव्हेच. चालताना बरं, पण थांबलं की मोटर तापत राहते. नाजूक, बिनगाभ्याची मोटर तर जळूनही जाते. पुढं डिकोडरनं उलट उत्तर धाडण्याची ‘रेलकॉम’ पद्धत आली. तिचं आणि लांबवलेल्या शून्याचं जमत नाही. अनेक नव्या कंट्रोलरवर आता ही सोयच नसते.

आमच्या शाळेत हजेरी मोबाइलवर आली तेव्हाचे एक बुजुर्ग सर आठवले. त्यांचं खत मोत्यासारखं. “तुम्ही वहीतच लिहा, आम्ही भरू,” असं आम्ही म्हणालो आणि स्वतःला मोठ्या मनाचे समजलो. सर रोज स्टाफरूममध्ये नुसते बसून राहत. त्यांना शेजारी बसवून शिकवायला कुणालाच, मलाही, वेळ मिळाला नाही. चालायची मुभा देणं वेगळं आणि नाव देऊन सामावून घेणं वेगळं, हे मला या इंजिनानं शिकवलं.

भावाच्या कंट्रोलरवर शून्याची सोय होती. पाच मिनिटं जिंटी चालवून त्यानं उतरवली. अंग गरम लागत होतं. मग त्यानं मोटर उघडली. तिच्या दोन ब्रशांपैकी एकाचा संबंध थेट धातूच्या सांगाड्याशी असतो. त्या ब्रशाच्या स्प्रिंगवर त्यानं प्लास्टिकची बारीक नळी चढवली, म्हणजे मोटर सांगाड्यापासून सुटी झाली, आणि मधे डिकोडर जोडला. बाकी अब्बांची एकही वस्तू बदलली नाही. उद्या नळी काढली तर इंजिन पुन्हा होतं तसं.

डिकोडरला चार आकडी क्रमांकही चालतो. भावानं १९३८ दिला, मामूंच्या जन्माचं साल. ईदच्या दिवशी त्यानं कॉलवर जिंटी चालवून दाखवली. ती स्टेशनात येऊन थांबली. या वेळी गुणगुणली नाही.